नंबर नसलेली चिठ्ठी

चिठ्ठीवालीने नवऱ्याच्या दुधात गोळ्या कालवल्या, अशी कुजबुज विद्यापीठातल्या आमच्या विभागात बरीच वर्षं होती. त्या कुजबुजीला तिखटमीठ लावणाऱ्यांत मीही होतो. खोटं कशाला बोलू? मी तिथला कारकून, दुसरं काम काय? सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस एका दुपारी अचानक गेला. एवढा विषय हातचा कोण सोडतो?

तिचं काम टायपिंगचं. आमचे सर घरातल्या आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत. सिद्धान्त आधी ठरवून जायचं नाही, बायका बोलतील त्यातूनच तो वर यायला हवा, असा त्यांचा हट्ट. म्हणून चिठ्ठीवाली टेप ऐकून टाइप करायची, एकेक वाक्य कापून त्याची चिठ्ठी करायची, मागे मुलाखतीचा नंबर घालायची. मग दोघं भिंतीवर चिठ्ठीला चिठ्ठी लावून ताडून बघत, सारख्यांचा गट करत, गटाला नाव देत. नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं.

एकोणीस मुलाखती झाल्या. आता तेच तेच येतंय, पुरे, असं सर म्हणाले. सुटलात बाई, आता भिंतीला रंग देऊ, असं मी तिला चिडवलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सर भिंतीपाशी थबकले. एक चिठ्ठी कुठल्याच गटात बसेना. ‘हाक ऐकू आली होती.’ मागे नंबर नव्हता. न बसणारी चिठ्ठी फेकायची नाही, हाही त्यांचाच नियम. सगळ्या टेपा पुन्हा ऐकायला काढा म्हणाले. चुकून लागली, एवढं ती म्हणाली असती तरी प्रकरण मिटलं असतं.

“माझी आहे, सर.”

“तुमची? मग लावलीत कशाला?”

“एकोणीस जणींनी सगळं सांगितलं, हे एकीनेही नाही. म्हटलं, बघावं, माझ्यासारखी दुसरी कुणी निघते का.”

सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि टेपचं बटण दाबलं. मला बाहेर पाठवायचं ते विसरले. मीही आठवण करून दिली नाही.

गोळ्या नव्हत्याच. त्या दुपारी नवऱ्याला ठसका लागला. त्याने दोनदा हाक मारली. ती शेजारच्या खोलीत आडवी झाली होती, जागी होती. ती उठली नाही.