काकूंची पहिली भाषा

‘मन लागत नाही’ असं कुणी म्हटलं की जाधव सर आधी विचारायचे, ‘‘झोप झालती का?’’ कॉलेजात जन्मभर मानसशास्त्र शिकवलं, पण मन शरीरापासून वेगळं काढलेलं त्यांना खपायचं नाही. बेळगावजवळ हिंडलग्याला आमची घरं शेजारी. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा त्यांच्याकडे जाऊन रडलो, तर म्हणाले, ‘‘रड पोटभर. आन् उद्यापास्नं तालमीत जा. अंग दमलं की मन बी गप बसतंय.’’ असला राग आला होता! पण गेलो, आणि खरंच बरं वाटलं.

माणूस मूळचा येळ्ळूरचा, सीमाप्रश्नावर कडवा. काकू बैलहोंगलच्या, माहेर सगळं कन्नड. लग्नापासून सरांचा हुकूम होता, उंबऱ्याच्या आत मराठीच. स्वतः बाजारात फडाफडा कन्नड बोलायचे, घरात मात्र एक शब्द नाही. काकूंनीही मराठी अशी उचलली की त्यांचं माहेर कुठलं, हे आम्ही विसरूनच गेलो.

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग माणसं, मग मराठी. एका सकाळी सरांनी चहा पुढं केला तर त्या म्हणाल्या, ‘‘यार्री नीवु?’’ तुम्ही कोण?

‘‘मेंदूचं असंच असतंय रं,’’ सर मला सांगत होते. ‘‘मागनं शिकलेलं आधी जातंय, बाळपणीचं ऱ्हातंय. वर्गात शिकवलंय की मी.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘पण तिच्या बाळपणात मी न्हाय रं.’’

त्यांनी हुकूम मोडला. घरात कन्नड बोलू लागले आणि काकू खुलल्या. माहेरची विहीर, जोंधळ्याचं शेत, भावंडांची भांडणं, काय काय सांगायच्या! सर परक्यासारखे खुर्चीच्या कडेला बसून ऐकायचे. मला फार वाईट वाटायचं.

परवा मी तिथंच होतो. काकूंनी मायेनं विचारलं, कन्नडमध्येच, ‘‘रोज येता, बोलत बसता. तुमच्या घरी कुणी न्हाय व्हय?’’

‘‘बायको हाय,’’ सरही कन्नडमध्ये म्हणाले.

‘‘अगंबाई! मग तिला एकटी सोडून इथं काय बसलाय? जावा की घरी. वाट बघत असंल ती.’’

सर उठले. चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले. मी मागोमाग गेलो तर त्यांनी माझा हात घट्ट धरला.

‘‘कुठं जाऊ रं?’’