लुगड्यांचं पाल

या, जवळ येऊन बसा. दारातूनच "बऱ्या आहात ना" विचारून पळायची ही काय तऱ्हा तुमची? बसा, आमच्या शेजारच्या मावशीचं सांगते.

"वारं कुनीकडचं हाय?" मुक्कामाला पोचलो की हे तिचं पहिलं बोलणं. बोट ओलं करून वर धरायची आणि मग म्हणायची, "हां, ठोका पाल." चैत्रात अकोले तालुक्यातून आम्ही बायका चालत वणीच्या देवीला जायचो. धर्मशाळेला द्यायला पैसे कुणाकडे होते? मावशीनं गावातली जुनी लुगडी दाभणानं जोडून भलंमोठं पाल केलं होतं. भात काढलेल्या खाचरात ते उभं राहिलं की मावळतीचा उजेड आत हिरवा, जांभळा, तांबडा होऊन यायचा. आईच्या पदराखाली पडल्यासारखं वाटायचं.

एकदा वाऱ्यानं ते अंगावरच कोसळलं. एक नवी सून किंचाळली, "पाल पडली, पाल!" झालं, सगळ्या डोकी झटकायला लागल्या. मावशी आतूनच ओरडली, "अगं, पडली न्हाई, पडलं!"

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी माझ्या सासूबाईंचे पाय गेले. वणीला चालत जायचा त्यांचा नवस राहूनच गेला. एसटीनं नेतो म्हटलं की तोंड फिरवायच्या. "चालत यीन म्हनले व्हते मी."

मावशी म्हणाली, "आक्का, तुमचं नेसतं लुगडं द्या. त्ये चालंल."

"देवी मानंल का गं?"

"न मानाया काय झालं? तीबी बाईच हाय."

लुगडं पालाला शिवलं. गडाखाली आल्यावर पाल काही वर नेता येईना. मावशीनं तेवढीच शिवण उसवली, लुगडं खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या चढू लागली. मध्येच त्याला विचारायची, "दमला का आक्का? बसू या जरा." हसावं की डोळे पुसावेत, आम्हाला कळेना.

त्या रात्री पालाला लुगड्याएवढी फट होती. तिच्यातून चांदणं आमच्या अंगावर आलं. "शिवू नगा," मावशी म्हणाली, "असू द्या तेवढं आभाळ."

घरी आल्यावर तिनं ते लुगडं सासूबाईंच्या पायांवर पसरलं. काठाला वाटेचा फुफाटा होता. सासूबाई कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाय लई दुखत्यात गं."

चिमटा काढला तरी कळत नव्हता त्या पायांना!

मावशी उठली. तेल कोमट करून आणलं आणि चोळत बसली. तिच्या स्वतःच्या टाचा फुटून रक्त आलं होतं.

मावशी गेली, आता कुणी बोट वर धरून वारा बघत नाही. निघालात? बरं. पण लवकर या हो, आणि मुक्कामालाच या.