होडीचा दिवा

लग्नानंतर जन्मातला पहिला सिनेमा पाहायला गेले आणि मध्यंतराला दिवे लागताच ‘संपला’ असं समजून, पदर सावरत थेट घराची वाट धरली. नायक-नायिका भेटली होती, आणखी काय हवं? इतकी हुशार होते मी! आमचे हे मुकाट मागून आले.

परवा नात सईबरोबर या हंगामातली शेवटची ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनची, मालिका संपवली, तेव्हा ते आठवलं. त्याआधीची स्वयंपाकवाल्या मुलीची मालिका शेवटच्या पंगतीसारखी घाईत उरकली होती. दुसरीतला तलवारवाला मरता मरता दोन भाग बोलत राहिला. ही मात्र मला आवडली. दीपस्तंभावरची पोर वडिलांची वाट पाहते; शेवटी काळ्या समुद्रात एका होडीचा दिवा लुकलुकतो आणि संपतं.

“हा काय शेवट, आजी? होडीत कोण आहे ते दाखवलंच नाही!” सई फणफणली.

“अगं, पोरीचं तोंड बघ की कसं उजळलंय.”

माझ्या संसाराचे पुढचे सगळे भाग मी पाहिले. यांचं आजारपण पाहिलं, जाणंही पाहिलं. तरी मन रेंगाळतं ते सिनेमाहून परततानाच्या त्या संध्याकाळच्या रस्त्यावर.

त्या सिनेमात मध्यंतरानंतर नायक मरतो, हे मला फार वर्षांनी कळलं. तेव्हा मी यांना फैलावर घेतलं, “मध्यंतर आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

हे म्हणाले, “ठाऊक होतं की. पण तू इतक्या खुशीत निघाली होतीस, म्हटलं, आपला सिनेमा इथंच संपला.”