काकांनी दिलेली शिक्षा

माझ्या पुतणीची पदवी जवळजवळ अडवण्याचं काम मी एकट्याने केलं. त्यात घरातल्या कोणाचाही हात नाही.

सई अमेरिकेत वाढली. तिच्या विद्यापीठात मराठीचा वर्ग नाही, पण सोय आहे: पुस्तक घेऊन आपलं आपण शिकायचं, आठवड्यातून दोनदा कोणा मराठी माणसाशी संगणकावर बोलायचं, प्रत्येक सत्राच्या शेवटी बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेणार. नापास झालं, की पदवी अडली. बोलायला माणूस म्हणून भावाने मला नेमलं.

"तुम्ही शिकवणार?" बायको म्हणाली. ती धारच्या जुन्या घराण्यातली. आम्ही देवासचे, कारखान्यातल्या नोकरीसाठी मध्य प्रदेशात आलेले. "अहो, तुम्ही बाजारातून हिंदी आणता आणि घरी मराठी म्हणून वाढता."

"मी जन्मापासून मराठीच बोलून राहिलो आहे," मी म्हणालो. (यात चूक कुठे आहे ते बायकोने अजून सांगितलेलं नाही. नुसती हसते.)

सहा महिने मी मन लावून शिकवलं. परीक्षेला नाशिकच्या एक बाई होत्या. तोंड उघडायचं नाही, या अटीवर मलाही पडद्यावर बसू दिलं.

"मराठी कशी शिकलीस?" बाईंनी विचारलं.

"काकांनी मला शिक्षा दिली," सई आनंदाने म्हणाली.

"शिक्षा? कधी?"

"आठवड्यातून दोनदा. एक-एक तास."

"मग तू काय करायचीस?"

"मी चेष्टा करायची. काका म्हणायचे, बेटा, आणखी चेष्टा कर."

बाईंनी चष्मा काढला. "हे घरी माहीत आहे?"

"हो. बाबांनीच काकांना सांगितलं."

शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न, असं मी पन्नास वर्षं धरून चाललो होतो. ते फक्त हिंदीत, हे मला बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. पोरीचं वर्ष माझ्यामुळे बुडत होतं. मला राहवेना.

"बाई, ती तशी शिक्षा नाही. हिंदीतली शिक्षा आहे."

"हिंदीत वेगळी देता?"

शेवटी बायको हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "बाई, शिक्षण म्हणायचंय त्यांना. हे देवासचे आहेत."

बाईंना एवढं पुरलं. उरलेले प्रश्न त्यांनी हसू दाबत विचारले.

आठवड्याने निकाल आला. सई उत्तीर्ण. खाली बाईंचा शेरा होता: 'पुढच्या सत्रात विद्यार्थिनीला मराठी मातृभाषा असलेली व्यक्ती मिळवून द्यावी.'

सईचा लगेच फोन आला. "काका, तुमच्या ओळखीत कोणी आहे का?"