अण्णांच्या पत्त्यावरची आजी

टपालअण्णांना खोटं बोलता येत नसे, आणि त्याचा आम्हां सगळ्यांना फार ताप होई. नकोसा माणूस दारात आला की त्यांची बायको, आमच्या वहिनी, आतून "घरात नाहीत म्हणून सांगा" अशी खूण करीत. अण्णा स्वतः उंबऱ्यापर्यंत जाऊन सांगत, "मी आहे घरात, पण आज बोलायचं मन नाही." माणूस फणकाऱ्यानं निघून जाई आणि अण्णा निवांत सुपारी कातरायला बसत.

सोलापूरच्या टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात त्यांचा जन्म गेला होता. पेन्शन घेतल्यावर त्यांनी आम्हां दोघांना हाताशी धरलं. मी मुलींच्या शाळेत शिकवीत होते, आणि दुसरे शेजारचे विणकर व्यंकय्या. आपल्याकडची काही कुटुंबं आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेच्या कामावर गेली होती. तिथल्या एका गुरुजींनी त्यांच्या मुलांसाठी पत्र्याच्या शेडात मराठी शाळा काढली होती. तिला पाट्या-पुस्तकं पाठवायची, एवढंच आमचं काम. कापड व्यंकय्यांचं, शिवण माझी. पार्सल शिवताना टाका वाकडा गेला की अण्णा तो उसवायला लावीत. मी चिडायची. "बाई, समुद्रावरनं जायचंय ते," एवढंच ते म्हणत.

शिक्षणाविषयी त्यांचं एकच मत होतं. मुलाला आधी पत्र लिहिता आलं पाहिजे, बाकीचं मागनं. म्हणून पाकिटावर पत्ता कसा घालावा याचा नमुना त्यांनी गुरुजींना पाठवला. घोटीव अक्षरात, आणि नमुना म्हणून स्वतःचाच पत्ता.

गुरुजींनी तो जसाच्या तसा फळ्यावर उतरवला असावा. काही महिन्यांनी अण्णांच्या दारात अठरा पत्रं येऊन पडली. आत कुणाच्या आजीला नमस्कार, कुणाच्या चुलत्याला. बाहेर मात्र अठराही पाकिटांवर अण्णांचा पत्ता. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. अण्णा हसले नाहीत. चूक माझी, तर पत्रंही मीच पोचवणार, म्हणाले. आतल्या मजकुरातून गावांची नावं काढून ते मोटारीनं, बैलगाडीनं, कुठं पायी हिंडले. सतरा पत्रं त्यांनी ज्याची त्याला वाचून दाखवली आणि उत्तरंही लिहून घेतली.

अठरावं अनसूयेचं होतं. करमाळ्याजवळच्या त्या वाडीला मीही बरोबर गेले होते. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "म्हातारी व्हय? ती संक्रांतीलाच गेली की. नातीची लई वाट बघत हुती."

अण्णा तिथंच ओट्यावर बसले. पत्रात पोरीनं लिहिलं होतं, "आजी, हे माझे पहिले पत्र. मुलीला लिहून काय करायचे, असे बाबा म्हणतात. तुझे उत्तर आले तर मला शाळेत ठेवतील."

परत आल्यावर अण्णांनी दोन पत्रं लिहिली. एक गुरुजींना, बापाला त्याची आई गेल्याचं सांगा म्हणून. पोरीला मात्र एवढ्यात सांगू नका, अशी त्यात विनंती. दुसरं अनसूयेला. "चि. अनसूयेस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. अक्षर छान आहे. माझे गुडघे दुखतात. दारचा लिंब मोहरला आहे." खाली सही नाही.

"अण्णा, हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खोटं एक अक्षर दाखवा, बाई. गुडघे माझेच आहेत की."

अक्षर एकही खोटं नव्हतं, पत्र मात्र सगळं खोटं होतं. मला त्यांचा राग आला आणि डोळेही भरून आले. पुढं चार वर्षं ही पत्रं चालली. अनसूया "ती. आजीस" लिही आणि अण्णा गुडघ्यांची हकीकत कळवीत. पाकीट आलं की ते सुपारी बाजूला ठेवून आधी हात धुऊन येत.

एका उन्हाळ्यात अण्णा गेले. पार्सलं आम्ही चालू ठेवली, पण मला त्यांच्यासारखं लिहिणं जमेना. आणि फसवणंही पुरे झालं, असं वाटलं. मी अनसूयेला सगळं खरं कळवून टाकलं. पत्र पेटीत पडलं आणि मला लगेच पश्चात्ताप झाला. पोरीच्या दोन्ही आज्या मी एकदम मारल्या होत्या.

उत्तर आलं, त्याच पत्त्यावर. वहिनींपुढं बसून मी ते वाचलं.

"आजी गेल्याचे बाबांनी मला तेव्हाच सांगितले होते. पण उत्तर आले होते, म्हणून त्यांनी शब्द पाळला. मी आता पाचवीत आहे. लिहिणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून मी कधी बोलले नाही. आता पत्र कुणाला घालू?"

वहिनींनी दारच्या लिंबाकडे पाहिलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "आजी घरात आहे म्हणून लिहा तिला."