धातुकाकांचा बार्न

धातुकाकांना माणसाआधी शब्द ऐकू यायचा. मी ड्यूटीवरून येताना फाटकात "शिणले हो काका" म्हटलं, की ते म्हणत, "शीण म्हणजे क्षीण. धातू क्षि, झिजणं." मग थोडं थांबून, "जा, झोप."

मी हॅमिल्टनला प्रसूतीच्या वॉर्डात नर्स आहे. काका शेजारच्या मेधाचे वडील, पुण्यातले निवृत्त संस्कृत शिक्षक. काकू गेल्यावर लेकीकडे आले. जावई लार्स नॉर्वेचा. हे लग्न काकांना पटलं नव्हतं. एकाच घरात राहूनही दोघांत "मॉर्निंग"च्या पुढे बोलणं जात नसे.

त्या हिवाळ्यात मेधाच्या पोटातलं पाचव्या महिन्यात गेलं. येणारेजाणारे "जे झालं ते" म्हणत, "पुन्हा होईल" म्हणत. बाळ हा शब्द कुणीच काढत नव्हतं. मेधा रडतही नव्हती.

शनिवारी मी आमटीभात घेऊन गेले, तेव्हा लार्स आईशी फोनवर बोलत होता. एकच शब्द पुन्हापुन्हा येत होता. फोन ठेवल्यावर काकांनी, बहुधा पहिल्यांदाच, आपणहून त्याला विचारलं, की हा 'बार्न' म्हणजे काय. मूल, लार्स म्हणाला. कुठून आला हा शब्द? लार्सचं कशातच लक्ष नव्हतं, तरी त्याने सांगितलं, की 'बॅरे' म्हणजे वाहून नेणं, त्यातून आला.

आमचा भृ धातू तोच, भार त्यातलाच, असं काकांनी जावयाला इंग्रजीत समजावलं. मग मेधाकडे वळले.

"जन्मलं नाही म्हणून काय झालं? तू वाहिलंस ना त्याला? मग ते बाळच होतं."

मेधा तेव्हा रडली. लार्स काकांशेजारी येऊन बसला आणि काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढे तिघांनी मिळून बाळाचं नाव ठेवलं, ईशान. लार्सला नीट उच्चारता येतं का, हे काकांनी आधी पाहिलं.

काका मागच्या वर्षी गेले. शेवटी इतके थकले होते, की शब्दांची चौकशीही सुटली होती. लार्सने भरवलेलं तेवढं खायचे.

वॉर्डात अजूनही बायका रिकाम्या हाताने घरी जातात. पूर्वी मी नुसतं सॉरी म्हणायचे. आता कितीही दमलेली असले तरी शेजारी बसते आणि विचारते, "बाळाचं नाव काय ठेवलंत?"