नसलेल्या नावाचं उत्तर

कॉलेजात आलेला मी घरातला पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, क्षमा असावी.

वेबवरून माहिती मागवणाऱ्या एका लायब्ररीचा, म्हणजे इतरांनी वापरायला लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमचा, कोड वाचत होतो. कोडमधली डिक्शनरी म्हणजे नाव दिलं की त्यापुढची नोंद देणारी यादी. साध्या डिक्शनरीत नसलेलं नाव मागितलं, की प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. या लायब्ररीने स्वतःची वेगळी डिक्शनरी बनवली आहे. ती गुपचूप रिकामं उत्तर देते आणि काम पुढे चालू राहतं. काही बिघडलंय, हे कुठेच दिसत नाही. मला तिची भीती वाटली.

वडील दवाखान्यात होते. मी रोज फोन करायचो. आई म्हणायची, "आबा झोपलेत रे. तू पेपरचं बघ." मी पुन्हा पुस्तक उघडायचो.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, तेव्हा काकांचा फोन आला. "आबा गेले, पोरा. पेपर संपेपर्यंत तुला कळवायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं."